रेवंदचिनी तीच, मग पोटाला निराळी का?

प्रश्न थोडक्यात असा. सिंगापूरला राहणाऱ्या एका ताईंच्या सासूबाईंना, वय ७१, जुनाट बद्धकोष्ठ आहे, शिवाय जेवलं की पोट फुगतं. चिनी वैद्यांच्या काढ्याने दीड महिना छान गेला, रोज सकाळी एकदा पोट साफ व्हायचं. पुढच्या खेपेला दवाखान्याऐवजी घराजवळच्या दुकानातून त्याच चिठ्ठीवर पुड्या बांधून आणल्या. दुकानदाराने त्यातली रेवंदचिनी, म्हणजे पोट साफ करणारं मूळ, वेगळी बांधून दिली आणि 'ही शेवटची पाच मिनिटंच उकळा' म्हणून सांगितलं. संध्याकाळी सातला काढा घेतला, रात्री दोनला कळा सुरू झाल्या, सकाळपर्यंत पाच वेळा उठावं लागलं. दुकानदार म्हणतो, वनस्पती तीच, वजन तेच. ताई विचारतात, औषध भाजलं, वाफवलं, दारूत मुरवलं म्हणून पोटाला खरंच एवढा फरक पडतो, की हे जुन्या लोकांचे नुसते सोपस्कार?

ताई, फरक पडतो. दुकानदार खोटं बोलत नाहीये, अर्धं बोलतोय. तुमच्या चिठ्ठीवर जे लिहिलंय त्याचा उच्चार आहे 'शू दाहुआंग'. दाहुआंग म्हणजे रेवंदचिनी, आणि तिच्या आधीचं 'शू' म्हणजे शिजवलेली. दुकानदाराने नाव वाचलं, नावाआधीचं अक्षर गाळलं आणि कच्ची रेवंदचिनी बांधली. कच्च्या रेवंदचिनीला लागू असलेली उकळण्याची सूचनाही वर दिली. म्हणजे एकाच पुडीत दोन वेळा जोर वाढला.

मी मूळची सांगलीची. नानचांगला शिकले आणि गेली १८ वर्षं चिनी औषधं बांधून देण्याच्या कामात आहे. या कामात रोज जे वाचायचं असतं ते औषधाच्या नावाआधीचं किंवा नंतरचं ते एक अक्षर. कच्चं, परतलेलं, करपवलेलं, दारूतलं, मधातलं, आल्यातलं. या सगळ्या संस्कारांना मिळून चिनीत 'पाओजी' म्हणतात. आयुर्वेदात शोधन आणि संस्कार म्हणतो त्याच्या जवळची कल्पना. ज्यांगशी प्रांतातलं चांगशू हे गाव या कामासाठी शेकडो वर्षं प्रसिद्ध आहे. चांगशूला पोचल्याशिवाय औषधांचा संच पुरा होत नाही आणि चांगशूहून गेल्याशिवाय औषध लागू पडत नाही, अशी तिकडे म्हणच आहे. गावाच्या जाहिरातीचा भाग सोडा, पण शेतातून आलेलं मूळ आणि रोग्याच्या पोटात जाणारं औषध या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे तिथल्या माणसाला सांगावं लागत नाही.

सांगलीकरालाही सांगावं लागू नये. शेतातून काढलेली ओली हळद कोणी तशीच पोत्यात भरून बाजारात नेत नाही. आधी शिजवतात, मग वाळवतात, मग पॉलिश.

रेवंदचिनीवर जरा थांबते, कारण तुमचा प्रश्न तिचा आहे आणि तिच्यात काय घडतं ते बऱ्यापैकी स्वच्छ कळलेलं आहे. तिच्यात सेनोसाइड नावाची रेचक द्रव्यं असतात, आपल्या सोनामुखीत असतात तीच. सेनोसाइडला साखरेचं शेपूट असतं, त्यामुळे ते जठरात आणि लहान आतड्यात फारसे शोषले जात नाहीत, तसेच पुढे सरकत मोठ्या आतड्यात पोचतात. तिथले जीवाणू ती साखर तोडतात आणि त्यातून जे द्रव्य सुटतं ते आतड्याला ढुशा देतं, आतड्याला पाणी शोषू देत नाही. या प्रवासाला सहा ते बारा तास लागतात. सातला घेतलेल्या काढ्याने दोनला उठवलं, हे घड्याळ सेनोसाइडच्या चालीशी जुळतं. जाता जाता: नुकताच प्रतिजैविकांचा कोर्स झालेल्या माणसावर हे औषध कधीकधी नीट चालत नाही, ते याच जीवाणूंमुळे.

हे सेनोसाइड उष्णतेला फार कच्चे. शू दाहुआंग करताना १०० किलो कापांना ३० किलो पिवळी तांदळाची दारू चोळून मुरवतात आणि बंद भांड्यात वाफेवर, आतबाहेर काळे होईपर्यंत शिजवतात. तेवढ्यात सेनोसाइड बरेचसे मोडतात. त्यांच्यापासून सुटणारी साधी द्रव्यं वरच्या आतड्यातच शोषली जातात, खाली पोचतच नाहीत, म्हणून ढुशा कमी. शिवाय रेवंदचिनीत तुरट टॅनिनही असतात. कच्चीचा जोर ओसरला की या तुरटपणामुळे उलट मळ घट्ट होतो. 'दोन दिवस जुलाब, चार दिवस काहीच नाही' ही तक्रार घेऊन येणारे बहुतेक कच्च्या रेवंदचिनीवर स्वतःचं स्वतः चालवणारे असतात. सासूबाईंच्या वैद्यांना जुलाब घडवायचाच नव्हता, आतड्याला रोज हलकासा हात द्यायचा होता. म्हणून त्यांनी शिजवलेली लिहिली. याच मुळाचा तिसरा अवतार म्हणजे करपवलेली, बाहेरून काळी, आतून तपकिरी. ती रेचक म्हणून कोणी देत नाही, रक्तस्राव थांबवायला देतात.

तुमच्या घरातलं पातेलं हाही याच संस्काराचा शेवटचा टप्पा आहे, हे लोक विसरतात. चांग चोंगचिंग या वैद्याने सुमारे १,८०० वर्षांपूर्वी जोरदार रेचकाचा जो काढा लिहून ठेवला, त्यात रेवंदचिनी दारूत धुऊन घ्यायला सांगितलीय आणि क्रमही दिलाय: आधी कडू नारिंगाची कच्ची फळं आणि मॅग्नोलियाची साल उकळायची, गाळायचं, मग रेवंदचिनी, पुन्हा गाळायचं, आणि अगदी शेवटी क्षार विरघळवून मंद आचेवर एकदोन उकळ्या. जोर हवा तर रेवंदचिनी उशिरा टाका, नको असेल तर सुरुवातीपासून उकळू द्या. त्या काळी सेनोसाइड कोणाला ठाऊक नव्हते, पण रोगी रात्री किती वेळा उठतो ते मोजता येत होतं.

आता दुसरं टोक: कच्चं असताना पोट उलटं करणारं आणि संस्कारानंतर तेच पोट शांत करणारं औषध. बानश्या नावाचा छोटा कंद आहे, सुरण आणि अळूच्याच कुळातला. अळू चिरताना हाताला तेल का लावतो, फतफत्यात चिंच किंवा आमसूल का घालतो, हे मराठी घरात शिकवावं लागत नाही. घसा खाजवतो. कंदात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुया असतात, दोन्ही टोकांना अणकुचीदार, आणि त्यांच्यावर चिकटलेली प्रथिनं आग वाढवतात. बानश्याच्या सुया सुरणापेक्षा बेरड. शिकत असताना तुरटीच्या पाण्यातून काढलेला एक काप तयार झाला का, हे मी घाईने तोंडात टाकून पाहिलं. तयार नव्हता. घशात कोणी बारीक काचा पेरल्यासारखं झालं आणि संध्याकाळपर्यंत थुंकी गिळता येईना. शिकवणाऱ्या बाई हसल्या, आल्याचं पाणी दिलं आणि म्हणाल्या, आता आयुष्यभर विसरणार नाहीस. खरंच विसरले नाही. तयार कापाची कसोटीही जिभेवरचीच: अगदी नखाएवढा तुकडा चावला तर जीभ जराशी बधिर व्हावी, आग होऊ नये.

आल्यातला बानश्या करताना १०० किलो कंदाला २५ किलो आलं आणि साडेबारा किलो तुरटी लागते. यात सुयांचा खरा बंदोबस्त तुरटी करते, आलं आग शमवतं आणि स्वतःचा उलटी थांबवण्याचा गुण सोबत आणतं. कच्चा कंद ओकारी आणतो, आल्यातला ओकारी थांबवायला देतात. चुना आणि ज्येष्ठमधाच्या पाण्यातला आणखी एक प्रकार आहे, तो कफासाठी. दुकानात हे प्रकार नवख्याला सारखेच वाटू शकतात, तेव्हा इथेही ते अक्षर वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

पोट फुगण्यासाठी तुमच्या चिठ्ठीत 'छाओ बायजू' आहे, म्हणजे कोंड्यात परतलेलं बायजू नावाचं मूळ. हे काम बघायला मला अजून आवडतं. लोखंडी कढई इतकी तापवायची की गव्हाच्या कोंड्याची चिमूट टाकली की लगेच धूर यावा. धूर आला नाही तर थांबायचं, कोंडा पेटला तर उशीर झाला. मग १०० किलो कापांना १० ते १५ किलो या हिशेबाने कोंडा भुरभुरायचा आणि धूर उठताक्षणी काप आत. हात थांबवायचा नाही. कापांचा रंग राखाडी-पांढऱ्यावरून खमंग पिवळ्यावर आला आणि भाजणीसारखा वास सुटला की उतरवून चाळायचं. थालीपीठाची भाजणी ज्याने भाजलीय त्याला हा क्षण नाकाने कळतो, थर्मामीटर लागत नाही. कच्च्या बायजूत उडतं तेल जास्त असतं, ते नाजूक पोटाला झोंबतं आणि कोरड पाडतं. परतल्याने त्यातलं काही उडतं, काहीचं रूप बदलतं. चिनी वैद्य म्हणतात, खमंग वास 'पी' जागी करतो. पी म्हणजे शब्दशः प्लीहा, पण त्यांच्या बोलण्यात तिचा अर्थ पचवण्याची ताकद. आपण अग्नी मंद झाला म्हणतो ना, तसं काहीसं.

गंमत अशी की बद्धकोष्ठासाठी काही वैद्य हेच बायजू मुद्दाम कच्चं आणि भरपूर देतात. परतलेलं पातळ शौचाला, कच्चं घट्ट शौचाला. म्हणून दुकानात कोणी 'बायजू द्या' म्हणालं की मी आधी विचारते, पोटाचं काय चाललंय.

तुम्ही तीन करपवलेल्या पदार्थांबद्दलही विचारलंय, 'ज्याओ सानश्यान', म्हणजे मोड आणलेले सातू, हॉथॉर्नची आंबट फळं आणि आंबवून केलेल्या वड्या, तिन्ही करपवून. जड जेवणानंतर चिनी घरांत हे सर्रास देतात. पाकिटांवर लिहिलेलं असतं की यात पिष्ट पचवणारी विकरं आहेत. मला हे पटत नाही. मोडाच्या सातूत विकरं असतात हे खरं, पण करपेपर्यंत भाजल्यावर ती उरत नाहीत, आणि कच्चे सातू घेतले तरी काढ्याच्या उकळीत मरतात. विकरंच हवी असतील तर कच्च्या मोडाचं पीठ कोमट पाण्यातून घ्यावं. करपवलेल्याचं काम वेगळं आहे: भाजल्याने आलेला कडवट खमंगपणा भूक चाळवतो, हॉथॉर्नची आंबट आम्लं भाजण्यात कमी होतात म्हणून रिकाम्या पोटाला झोंबत नाहीत, आणि तिन्ही मिळून पातळ शौच जरा आवरतात. लहान मुलांना अजीर्णाचे जुलाब झाले की म्हणूनच करपवलेलंच देतात. घरात अंगावर पाजणारी बाई असेल तर मात्र या सातूंपासून लांब राहा. दूध तोडायलाच दिवसाला ६० ग्रॅम परतलेले सातू देण्याची पद्धत आहे.

हिरड्याचं सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण तो दोन्ही घरचा पाहुणा आहे. चीनमध्ये तो 'हअज' म्हणून मिळतो. जुनं नाव 'हअलिलअ', फारसी 'हलीला'वरून आलेलं, म्हणजे तो बाहेरून आला हे नावातच आहे. चांग चोंगचिंगच्याच नावावर असलेल्या एका जुन्या कृतीत दहा हिरडे भाजून, पूड करून, तांदळाच्या पेजेबरोबर एकदम घ्यायला सांगितलेत, जुलाबासाठी. आजही तिकडे घसा बसला तर कच्चा हिरडा आणि जुलाब लागले तर कणकेच्या गोळ्यात गुंडाळून भाजलेला. आता आपल्याकडे भावप्रकाशात काय आहे बघा: चावून खाल्लेला हिरडा अग्नी वाढवतो, कुटलेला पोट साफ करतो, उकडलेला मळ बांधतो आणि भाजलेला तिन्ही दोष शमवतो. दोन परंपरा, भाषा वेगळ्या, शरीराची कल्पना वेगळी, आणि तरी एकाच फळाबद्दल दोघींनी ताडलं की आगीपाण्याने त्याचं काम बदलतं. तुमच्या सासूबाईंनी बाळगुटीत हिरडा आणि जायफळ सहाणेवर उगाळलं असेल. त्या जायफळाचंही चिनी पद्धतीत तेच: कच्च्यात तेल फार, ते पोट ढिलं करतं, म्हणून कोंड्यात १५०–१६० अंशांवर पंधराएक मिनिटं भाजून मग जुलाबाला देतात.

गोड चिकट मुळांचं गणित थोडं निराळं. दीहुआंग नावाचं मूळ कच्चं असताना त्यात स्टॅकिओज नावाची साखर भरपूर असते. वाल-हरभऱ्याने ज्या कारणाने पोटात वारा धरतो त्या कारणांपैकी ही एक. पचनाच्या दुबळ्या माणसाला कच्च्या दीहुआंगने पोट गुरगुरून पातळ होतं. नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळवलं की ती साखर मोडून साधी होते, मूळ आतून तेलकट काळं आणि काकवीसारखं गोड बनतं. जुलाबाची भीती कमी, पण आता ते जड. भूक मारतं, छातीशी बसतं. त्यासाठी वैद्य सोबत वेलदोड्याच्या नात्यातलं 'शारन' घालतात. संस्काराने एक दोष जातो आणि दुसरा येतो, हे इथे चांगलं दिसतं. म्हणून 'संस्कारित म्हणजे निर्धोक' हे समीकरण मांडू नका. केस काळे होण्यासाठी लोक ज्याच्या मागे लागतात त्या हशोवूचंही असंच: कच्चं रेचक, काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवलेलं पौष्टिक म्हणून प्रसिद्ध. पण यकृताला इजा झाल्याच्या नोंदी दोन्ही प्रकारांच्या आहेत आणि ब्रिटनच्या औषध नियामकांनी २००६ मध्येच सावध केलं होतं. जुलाब थांबले म्हणजे यकृतही सुटलं असं होत नाही.

चिनी पाठ्यपुस्तकांत एक सूत्र पाठ करून घेतात, १६ व्या शतकातल्या चन ज्यामोचं: दारू वर नेते, आलं पसरवतं, मीठ मूत्रपिंडाकडे, व्हिनेगर यकृताकडे. परीक्षेला उपयोगी आहे. कढईसमोर मी ते फारसं आठवत नाही, तिथे आच, वेळ आणि वास एवढंच चालतं. आणि औषधांच्या रासायनिक बदलांवर जेवढं काम झालंय त्या मानाने कच्चं विरुद्ध संस्कारित अशी रुग्णांवर समोरासमोर तुलना फार थोडी झालीय. तेव्हा रेवंदचिनीबद्दल मी जेवढ्या खात्रीने बोलले तेवढ्या खात्रीने बायजूबद्दल बोलत नाही, तिथे अनुभव जास्त बोलतो.

आता सासूबाईंचं. आज-उद्या काढा बंद ठेवा. मीठ-साखरेचं पाणी, पेज, ताक. चक्कर, लघवी कमी होणं, शौचात रक्त, थांबत नाहीत अशा कळा, यातलं काहीही असेल तर सरळ डॉक्टरकडे. त्या रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात असं तुम्ही लिहिलंय. जुलाबात पोटॅशियम जातं, तशा बऱ्याच गोळ्यांनीही जातं, म्हणून हे दोन्ही वैद्यांना आणि डॉक्टरांना माहीत हवं. हृदयासाठी डिगॉक्सिन चालू असेल तर जास्तच. आणि ही खोड नवीन असेल, म्हणजे वर्षभरातच बद्धकोष्ठ सुरू झालं असेल किंवा वजन उतरत असेल, तर काढा बाजूला ठेवून आधी आतड्याची तपासणी. शिजवलेली असली तरी रेवंदचिनी वर्षानुवर्षं रोज घ्यायची वस्तू नाही. या गटातल्या रेचकांनी मोठ्या आतड्याचं अस्तर काळपट पडलेलं दुर्बिणीत दिसतं.

उरलेल्या पुड्या उघडून बघा. रेवंदचिनीचे काप पिवळट-तपकिरी, आत जरीसारखी नक्षी दिसत असेल तर कच्चे. शिजवलेले काळे असतात आणि त्यांना दारूचा मंद वास येतो. कच्चे निघाले तर घरी वाफवून सुधारायच्या फंदात पडू नका, पुड्या तशाच दवाखान्यात घेऊन जा, ते बदलून देतील किंवा चिठ्ठी बदलतील. डब्यातल्या तयार दाणेदार पुडीवर आलात तरी लेबलावर पूर्ण नाव बघायचं, कारण कारखान्यातही कच्ची आणि शिजवलेली वेगवेगळी काढतात.

चिनी वाचता येत नाही म्हणून अडू नका. चिठ्ठीवरच्या त्या 'शू' अक्षराच्या तळाशी एका ओळीत चार ठिपके आहेत. ते चार ठिपके म्हणजे चुलीतला जाळ, अक्षरात तो असाच काढतात. करपवलेल्याच्या 'ज्याओ'लाही ते चार ठिपके असतात, परतलेल्याच्या 'छाओ'ला डाव्या बाजूला उभा जाळ असतो. पुढच्या वेळी दुकानात पुडी बांधून झाली की चिठ्ठीवर त्या ठिपक्यांवर बोट ठेवा आणि दुकानदाराला पुडीतले काळे काप दाखवायला सांगा.